तिकिटाच्या पावतीपासून क्लेमच्या फायलीपर्यंत: आमची वाटचाल

छत्रपती संभाजीनगरात आमच्या ऑफिसचं काम सुरू झालं ते पासपोर्टचे फॉर्म भरून देण्यापासून. पुढे विमानाची तिकिटं आली आणि तिकिटासोबत प्रवास विमा. हळूहळू लातूर, नांदेड, परभणी, बीडहून शिकायला बाहेर जाणारी मुलं वाढली. कुणी एमएस करायला जर्मनीला, कुणी एमबीबीएसला जॉर्जिया नाहीतर किर्गिझस्तानला. पंधरा दिवसांच्या सहलीचा विमा दोन वर्षांच्या शिक्षणाला पुरत नाही, हे तेव्हा स्पष्ट दिसायला लागलं. 2015 मध्ये विमा नियामकाने पॉइंट ऑफ सेल्स पर्सनची, म्हणजे साध्या पॉलिसी विकू शकणाऱ्या माणसाची, सोय केली: किमान दहावी पास, 15 तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा. आमच्याकडच्या सगळ्यांनी ती परीक्षा दिली. तिकिटांचं काम मागे पडलं, विमा हेच मुख्य काम झालं.

आधी आम्ही विचारायचो, "किती डॉलरची पॉलिसी काढायची?" आता विचारतो, "देश कोणता, विद्यापीठ कोणतं, व्हिसा कोणता?" या उत्तरांशिवाय कोटेशन काढतच नाही.

जर्मनीचंच बघा. 2024 च्या सप्टेंबरपासून ब्लॉक अकाउंटला (तिथल्या राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. एवढी रक्कम भरल्यावर विमाही त्यातच आला, असं बऱ्याच पालकांना वाटतं. तसं नाही. तिथे दोन टप्प्यांचा विमा लागतो. विमानात बसल्यापासून विद्यापीठात नाव नोंदेपर्यंतचा प्रवास विमा इथून न्यायचा आणि नोंदणीनंतर तिथला सरकारी आरोग्य विमा सुरू करायचा. विद्यार्थ्यांचा सवलतीचा दर वयाची 30 वर्षं पूर्ण होईपर्यंतच मिळतो. स्वस्त पडतो म्हणून कुणी खासगी विमा घेतला आणि सरकारी विम्यातून सूट मागितली, तर ते शिक्षण संपेपर्यंत त्याला परत सरकारी विम्यात येता येत नाही. पहिल्या महिन्यात वाचवलेले पैसे पुढे फार महागात पडतात, म्हणून ही सूट घेण्याआधी दहा वेळा विचार करा, असं आम्ही प्रत्येक घरी सांगतो.

ब्रिटनला जाणाऱ्यांना मोठी वैद्यकीय पॉलिसी घेऊ नका, असं आम्हीच सांगतो. व्हिसाच्या अर्जासोबत आरोग्य अधिभार भरावाच लागतो. 2024 च्या फेब्रुवारीपासून तो विद्यार्थ्यांना वर्षाला 776 पौंड आहे आणि त्यावर तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळते. सामान हरवणं, पासपोर्ट जाणं, आजारपणात मायदेशी आणणं हे त्यात येत नाही. तेवढ्यापुरती लहान पॉलिसी पुरते. ऑस्ट्रेलियाच्या स्टुडंट व्हिसाला तिथलाच ओएसएचसी (परदेशी विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा) लागतो, तोही व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा. इथली पॉलिसी त्याजागी चालत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ अमेरिकेचा. एफ-1 या नेहमीच्या विद्यार्थी व्हिसाला सरकारची विम्याची अट नाही, पण बहुतेक विद्यापीठं आपला महागडा विमा आपोआप फीमध्ये लावतात. तो नको असेल तर वेव्हर, म्हणजे त्यातून सूट, मागावा लागतो. पालक इथे पॉलिसी काढून मोकळे होतात आणि तिकडे वेव्हर नाकारला जातो. कारण साधं असतं: पॉलिसी आधी घेतली, फॉर्म नंतर वाचला. आम्ही उलटं करतो. विद्यापीठाचा वेव्हर फॉर्म मागवून समोर ठेवतो आणि एकेक ओळ पॉलिसीच्या शब्दांशी ताडतो: डिडक्टिबल (बिलातला आधी आपण स्वतः भरायचा भाग) किती, एका आजाराला मर्यादा आहे का, आधीपासूनचा आजार धरला आहे का, मानसिक आजाराचे उपचार आहेत का, क्लेमचं ऑफिस अमेरिकेत हवं का. एक ओळ जरी जुळली नाही तरी विद्यापीठाचाच विमा घ्या, असं सांगतो आणि प्रवासाच्या दिवसापासून तो सुरू होईपर्यंतची छोटी पॉलिसी काढून देतो. वेव्हरची तारीख हुकली तर दोन्हीकडचे पैसे जातात. जे-1 या देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसाचे आकडे मात्र ठरलेले आहेत: प्रत्येक आजाराला किंवा अपघाताला किमान 1,00,000 डॉलर, वैद्यकीय स्थलांतराला 50,000, मृतदेह मायदेशी आणायला 25,000, आणि डिडक्टिबल 500 डॉलरपेक्षा जास्त नको.

एमबीबीएसच्या मुलांची अडचण वेगळी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांप्रमाणे परदेशात किमान 54 महिन्यांचं शिक्षण आणि वर आणखी 12 महिन्यांची इंटर्नशिप. पॉलिसी मात्र सल्लागाराच्या पॅकेजमधून पहिल्या वर्षाची येते आणि दुसऱ्या वर्षी ती संपल्याचं कुणाच्या ध्यानातही राहत नाही. मुदतवाढ जुनी पॉलिसी चालू असतानाच करावी लागते. एकदा संपली, की मूल परदेशात असताना भारतातून नवी काढणं बहुतेक योजनांत जमत नाही. म्हणून आम्ही मुदतीच्या 45 दिवस आधी फोन करतो, तोही वडिलांना आणि मुलाला वेगवेगळा. 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं. आपली मुलं परत आली ती सरकारच्या ऑपरेशन गंगामधून. युद्धामुळे होणारं नुकसान प्रवास विम्यात सहसा वगळलेलंच असतं. ते कलम तेव्हापासून आम्ही सही घेण्याआधी मोठ्याने वाचून दाखवतो.

नावाकडे आमचं खास लक्ष असतं. आपल्याकडे कितीतरी पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि मुलाचं, वडिलांचं, आडनाव अशी तिन्ही नावं गिव्हन नेममध्ये एका ओळीत येतात. अमेरिकेच्या व्हिसावर मग पहिल्या नावाच्या जागी एफएनयू, म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही', असं छापून येतं. पॉलिसीवर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर हवं. आधार कार्डावरून टाइप केलं, की हमखास चूक होते.

बँकेच्या शैक्षणिक कर्जासोबत निघालेला विमा हा बहुधा कर्जदाराचा जीवन विमा असतो. दवाखान्याच्या बिलाशी त्याचा संबंध नाही. "बँकेनं काढलाय की विमा" हे वाक्य कानावर आलं, की आम्ही आधी तो कागद बघायला मागतो.

क्लेम अडतात ते बहुतेक वेळा दडवलेल्या आजारामुळे. लहानपणापासून दमा आहे, हे घरचे फॉर्मवर लिहीत नाहीत आणि लेकरू तिथल्या डॉक्टरला खरं सांगून टाकतं. केस पेपरवर ते उमटतं आणि विमा कंपनीला तेवढं पुरतं. दुसरी अडचण डिडक्टिबलची. तो 100 डॉलर असेल आणि बिल 80 चं, तर हातात काहीच पडत नाही. दातांचं रूट कॅनाल आणि चष्मा इथेच करून जा. पॉलिसीत अचानक उठलेल्या दाढदुखीपुरतंच संरक्षण असतं.

ॲडमिट व्हायची वेळ आली तर पॉलिसीवरच्या मदत केंद्राला आधी फोन करायचा. जमलंच नाही, तर 24 तासांच्या आत. ते हॉस्पिटलला पैशांची हमी देतात, तेव्हाच कॅशलेस होतं. ओपीडीचं बिल स्वतः भरून नंतर मागायचं. त्यासाठी बाबवार बिल, निदान लिहिलेला डॉक्टरचा कागद, प्रिस्क्रिप्शन, पैसे भरल्याचा पुरावा, पासपोर्टवरचे शिक्के आणि रद्द केलेला चेक लागतो. एकरकमी आकड्याचं बिल परत येतं. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी एअरलाइनकडून पीआयआर, म्हणजे सामान न मिळाल्याचा रिपोर्ट, लिहून घ्यायचा. बाहेर पडल्यावर तो मिळवणं फार अवघड जातं.

आता पॉलिसीसोबत आम्ही मराठीतलं एक पान देतो. त्यावर देशाच्या कोडसह मदत केंद्राचा नंबर, पॉलिसी नंबर, पासपोर्ट नंबर आणि संपण्याची तारीख असते. एक प्रत मुलाच्या पाकिटात, एक घरच्यांच्या मोबाइलमध्ये. अमेरिकेत संध्याकाळी काही झालं, की इथे पहाट असते आणि फोन पहिल्यांदा आईवडिलांनाच येतो. म्हणून त्या पानावर सगळ्यात वर ठळक अक्षरांत छापलंय: आधी मदत केंद्राला फोन, मग आम्हाला.