सहावा सा

परवा दुपारी जेवणं आटोपून घर आडवं झालं होतं आणि मी सिंथवर काळी एकचा सा दाबत बसलो होतो. एकच पट्टी, पुन्हा पुन्हा. पाच सा सरळ, सहावा किंचित उतरलेला. परत पाच सरळ, परत एक उतरलेला. आतून आईचा आवाज आला, "अरे, मधेच कोण घसरतंय?" आईला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दारावरची बेल ऐकू येत नाही. हे मात्र येतं.

सिंथ म्हणजे सिंथेसायझर, विजेवर सूर काढणारी पेटी. माझा कॉर्ग कंपनीचा पॉलिसिक्स, १९८१ सालचा. एका वेळी सहा सूर वाजतात, कारण आत सहा स्वतंत्र सर्किटं आहेत. प्रत्येकाचा सूर काढणारा ऑसिलेटर वेगळा, त्या सुराचा रंग बदलणारा फिल्टर वेगळा. पट्टी दाबली की ती पाळीपाळीने गातात. सहा झिलकरी ओळीत उभे करावेत आणि त्यातल्या एकाला पडसं झालेलं असावं, असा सगळा मामला. घरात याला सगळे 'कॅसिओ' म्हणतात. मी दुरुस्त करणं सोडून दिलंय. म्हणजे त्यांना. सिंथला नाही.

हा आला नाशिकच्या तांबट आळीतून. आमच्या जुन्या वाड्यासमोर एक काका राहायचे. दिवसा प्रेसमध्ये नोकरी आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. प्रेस म्हणजे नाशिकरोडची, नोटांची. तिथे नोकरी असलेल्या माणसाकडे आम्ही पोरं वेगळ्याच आदराने पाहायचो, जणू तो येताना खिशात दोन-चार कोऱ्या नोटा घालून येत असेल. गणपतीत गल्लीतल्या मंडळाचा कार्यक्रम असला की सगळी गर्दी स्टेजसमोर आणि मी स्टेजच्या मागे, बांबूला धरून. समोर 'व्हॉइस ऑफ मुकेश' घाम पुसत उभा असायचा. मला त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. मला काकांच्या पाठीआडून दिसणारे ते बारीक लाल दिवे पाहायचे असत. काका एक बटण दाबायचे, एक दिवा विझून दुसरा लागायचा आणि आत्तापर्यंत व्हायोलिन वाजत होती तिथे बासरी यायची. हे कसं होतं, हा प्रश्न मी घरी कुणालाही विचारला नाही. उत्तर मिळालं असतं तर गंमत गेली असती, असं काहीसं तेव्हा वाटलं असावं. किंवा विचारायचं सुचलंच नसेल.

आणि बीन! कार्यक्रम कितीही पडलेला असो, काकांनी बीन काढली की मांडवातली पोरं रुमाल दातांत धरून जमिनीवर. हातभर लांबीच्या पोरापासून रिटायर्ड माणसापर्यंत आपल्याकडे नागीण न नाचलेला कुणी असेल असं मला वाटत नाही. १९५४ च्या 'नागिन'मधली ती बीन मुळात खऱ्या पुंगीवर वाजलेलीच नाही. कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या पेटीवर वाजवली, जोडीला रवी यांची हार्मोनियम. म्हणजे आपल्या वरातींमधला सर्वांत अस्सल सूर जन्मापासूनच इलेक्ट्रॉनिक. असं असून सिंथला 'नकली वाद्य' म्हणणारी माणसं मला भेटतात आणि बहुतेक वेळा वरातीतच भेटतात. इकडे मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तीन वाजवायची यंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले, तेव्हाही कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि मग परदेशातले लोक डोकं धरून बसले की तिकडे पुढे गाजलेलं यंत्रांवरचं नाचाचं संगीत हा माणूस इतक्या आधी करत होता. आपल्याला मात्र लग्नात वाजवणारा माणूस म्हटलं की पुढचं ऐकूच येत नाही.

असो. काका गेले, वाडा पाडायला निघाला, त्यांचा मुलगा पाथर्डी फाट्याला फ्लॅटमध्ये राहायला गेला. माळ्यावरचं सामान काढताना त्याने फोन केला, "दादा, बाबांचा जुना कॅसिओ आहे. भंगारवाला वजनावर मागतोय. तुला हवा होता ना?" मला चाळीस वर्षांपासून हवा होता.

सुरू तो झालाच नाही. मागच्या बाजूला १०० व्होल्ट लिहिलेलं, जपानातलं. त्यासाठी सातपूरच्या एमआयडीसीत एका वाइंडिंगवाल्याकडून छोटा ट्रान्सफॉर्मर करून घेतला. वीज पोचली, तर दिवे वेडेवाकडे लागले आणि अर्ध्या पट्ट्या मुक्या. पॉलिसिक्सचं दुखणं जगभर सारखंच आहे. नवीन काढलेला सूर लक्षात राहावा म्हणून आत एक रिचार्ज होणारी छोटी निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. ती म्हातारी होते, गळते आणि ज्या बोर्डवर बसलीय त्याच बोर्डच्या तांब्याच्या रेघा खाते. केएलएम-३६७ हे त्या बोर्डचं नाव. मेमरी टिकवण्यासाठी बसवलेल्या वस्तूने मेमरीच खावी, यावर एखादा कीर्तनकार तासभर बोलेल. मी पेचकस घेतला.

झाकण उघडलं आणि आत हिरवा-निळा कळक. अगदी तोच. पितळेच्या पातेल्यात ताक राहून गेलं की चढतो तो. आई चष्मा लावून वाकून बघत म्हणाली, "कल्हई गेलीय रे याची." पुढे मी तिला समजावत होतो की गळलेलं द्रव्य म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, अल्क, त्याला आंबटाचा उतारा लागतो. ती ऐकता ऐकता फ्रीजकडे गेली. "अर्धं लिंबू आहे सकाळचं. चालेल?" चाललं. कानात घालायच्या कापसाच्या काडीने लिंबाचा रस लावला, बारीक बुडबुडे आले, मग डिस्टिल्ड वॉटरने पुसलं, मग स्पिरिटने. कळक निघाल्यावर खाली कुठे तांबं होतं, कुठे नुसता त्याचा ठसा. जिथे ठसा होता तिथे केसासारख्या वायरचे जंपर टाकत गेलो.

सोल्डरिंग सुरू झालं आणि मी तांबट आळीत पोचलो. तिथे दिवसभर ठोक्यांचा आवाज असायचा, हंड्यांवर, बंबांवर, इतका की रविवारी शांतता झाली की बाळं रडायची, असं आजी सांगायची. कल्हईवाला उन्हाळ्यात यायचा. दारात हातभर खड्डा करून भट्टी लावायचा, चामड्याच्या भात्याने निखारे फुलवायचा. पातेलं पकडीत धरून फिरवत तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची. भस्सकन पांढरा धूर, नाकात झिणझिण्या. मग कथलाची कांडी टेकवायची. एक थेंब सुटायचा आणि कापसाच्या बोळ्याच्या एका फेरीत तो थेंब पातेल्याच्या अख्ख्या पोटावर पसरायचा. काळंमिचकूट भांडं एका क्षणात पांढरं. लगेच बादलीत. चर्रर्र. आम्ही उकिडवे बसून हे डोळे न मिटता पाहायचो आणि घरून हाका आल्या तरी उठायचो नाही. सोल्डरची तार म्हणजे तरी काय, साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं आणि पोटात राळ. धुराचा वास वेगळा, तो थेंब पसरण्याचा क्षण तोच. टोक टेकलं, राळ फसफसली, कथील चमकून वायरभोवती बसलं. त्या क्षणासाठी मी एकदोन सांधे गरज नसताना पुन्हा केले. हे कुणाला सांगू नका.

सुकलेले कपॅसिटर बदलले, खरखरणारे पॉट, म्हणजे फिरवायच्या बटणांमागचे भाग, साफ केले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. नवीन लिथियमचा चपटा सेल बसवला, तो चार्ज होऊ नये म्हणून मधे डायोड.

आता पट्ट्या बोलू लागल्या, पण मेमरी कोरी. बत्तीस जागा, चार बँका गुणिले आठ, सगळीकडे नुसता गोंगाट. काकांचे सूर गेले ते गेलेच, असं धरून चाललो होतो. मग त्यांच्या मुलाने दिलेल्या पिशवीतून, जुन्या वायरींच्या गुंत्याखालून, एक कॅसेट निघाली. पॉलिसिक्स आपली मेमरी कॅसेटवर उतरवून ठेवतो. ऐकायला गेलात तर पत्र्यावर खिळा ओढल्यागत किंचाळी, पण त्या किंचाळीत बत्तीसच्या बत्तीस सूर असतात. घरचा टू-इन-वन काढला, त्याचा पट्टा विरघळून डांबर झालेला, तो बदलला, हेडचा स्क्रू कानोसा घेत फिरवला. बराच वेळ नुसताच एरर. आणि मग एकदाचं घेतलं त्याने.

कॅसेटच्या आत घडी घातलेला कागद होता. काकांचं अक्षर, प्रेसमधल्या माणसाला शोभेलसं टापटीप. ए-१ व्हायोलिन. ए-२ बासरी. ए-३ सनई. ए-४ बीन (अधोरेखित). बी-६ लावणी पेटी. सी-२ रेल्वे. सी-५ भूत. भूत फारच छान आहे. फिल्टरचा रेझोनन्स एवढा वाढवलाय की फिल्टर स्वतःच शीळ घालतो आणि शीळ वर-खाली हलते. मुलीने ते फोनवर टेप करून रिंगटोन केलं. कागदावर शेवटी, डी-८ समोर वाद्याचं नाव नाही. नुसतं 'घरी'.

डी-८ लावून बघितला. हळूहळू वर येणारा, हळूहळू विरणारा गोल सूर, ऑर्केस्ट्रात काहीच उपयोगाचा नाही. गाणं पुढे निघून जाईल तेव्हा हा उगवेल. काका घरी काय वाजवत असत ते मला माहीत नाही. समोर राहूनही कधी ऐकू आलं नाही. बहुतेक हेडफोन लावत असावेत, वाड्यात भिंती पातळ.

कॉर्गने याची संगणकावरची आवृत्तीही काढलेली आहे, आयपॅडवरसुद्धा मिळते. मुलगी म्हणते तीच वापर. ती बरोबर बोलते, म्हणूनच मला राग येतो. हल्ली काही नव्या सिंथवर तर 'व्हिंटेज' नावाचं बटण असतं. फिरवलं की सूर मुद्दाम थोडे इकडेतिकडे होतात. बेसूर व्हायला वेगळे पैसे! माझा फुकट होतो. ट्रान्झिस्टरला ऊन-थंडी कळते आणि नाशकात दोन्ही भरपूर. निफाडला पारा उतरला की पेपरात द्राक्षांची काळजी छापून येते, मला इकडे ऑसिलेटरची पडते. चालू केल्यावर अर्धा तास मी कुणाला हात लावू देत नाही. पाहुण्यांनाही नाही. चहा घ्या, तापू दे.

तर सहावा आवाज. फोनवरच्या ट्यूनरमध्ये पाहिलं: बाकीचे पाच जागेवर, हा चौदा-पंधरा सेंट खाली. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग; फार नाही. आत प्रत्येक आवाजाचा प्रीसेट, म्हणजे सूर जुळवायचा बारीक स्क्रू असतो, बारीक पेचकसाने पाव फेरी फिरवली की झालं. पेचकस हातात होताच. त्याआधी सहज डी-८ लावून गंधार दाबून बघितला. एक, दोन, तीन, चार, पाच.

सहाव्याला आई आतून उठून आली. "हा. हा लागला बघ गंधार."

आई पंचवटीत गाणं शिकली, तंबोऱ्यावर. तिचे गुरुजी पेटी खोलीत येऊ देत नसत. ऑल इंडिया रेडिओनेही १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती सत्तरच्या दशकापर्यंत टिकली. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, स्वर पक्के बांधलेले, हीच तक्रार. पट्टीवाल्या वाद्यात सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, त्यामुळे त्यातला शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा चौदा सेंट चढा पडतो. आईच्या कानाला तो आयुष्यभर टोचत आला. आणि जपानी यंत्राचा आजारी सहावा आवाज नेमका तेवढाच खाली घसरलेला. सा बिघडवून बसलाय आणि गंधार लावून मोकळा झालाय.

"पुन्हा वाजव," आई म्हणाली. पुन्हा वाजवायला मधले पाच चुकीचे दाबावे लागतात. ती तेवढा वेळ थांबली, डोळे मिटून, हाताने गुडघ्यावर मोजत. मग तिने त्याच्यावर सा लावला, आवाज थरथरला, पण लागला. मी पेचकस खिशात ठेवला. नंतर कधीतरी करीन. किंवा नाही. बीन वाजवताना कुणाला कळणार आहे?

सध्या एकच भुंगा डोक्यात आहे. हे कपॅसिटर पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा सुकणार. तेव्हा मी सत्तरीचा. हात थरथरत असतील, तार जाग्यावर टेकणार नाही. मुलीला म्हटलं, सोल्डरिंग शिकवतो, ये. ती आलीही, दोन सांधे केले, माझ्यापेक्षा सुबक केले आणि म्हणाली, "बाबा, आईचा मिक्सर दिवाळीपासून बंद आहे. आधी तो करू या का?"

कार्बन ब्रश झिजले असतील. दहा मिनिटांचं काम. पण ते आणायला मेन रोडला जावं लागतं आणि तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.