तुम्ही विचारलंत म्हणून: वाडगा बघायचा की वापरायचा?

मी लेथवर, म्हणजे लाकूड फिरतं ठेवणाऱ्या यंत्रावर, लाकडी वाडगे कातते हे कळलं की लोक विचारतात, ‘यात काही ठेवायचं, की नुसता शोभेला?’ कातकाम शिकणारे तेच दुसऱ्या बाजूनं विचारतात: आकार ठरवताना आधी रूप बघायचं की उपयोग?

आधी उपयोग. पण उपयोग साधून झाल्यावर वरून रूप चढवता येत नाही, आणि तशी गरजही फारशी पडत नाही. वाडग्यात बहुतेक ठिकाणी दोघांचं म्हणणं एकच असतं.

वक्ररेषेचंच घ्या. काठापासून बुडापर्यंत बाहेरची रेषा एका दमात उतरायला हवी. मध्येच सपाट झाली आणि मग अचानक वळली, तर वाडगा जड आणि बसका दिसतो. डोळे मिटून बोट फिरवलं की नजरेतून सुटलेला उंचवटाही सापडतो. आतली रेषाही तशीच हवी. भिंत आणि तळ यांच्यामध्ये कोपरा राहिला तर चमचा तिथे अडतो, उरलंसुरलं तिथेच साचतं आणि पुसताना फडकं पोचत नाही. हा कोपरा बहुतेकदा हत्यारामुळे राहतो. गाऊज म्हणजे पन्हळीसारख्या खोलगट पात्याचं कातायचं हत्यार. तिच्या धारेमागचा उतार लाकडावर टेकलेला असेल तोवर काप स्वच्छ येतो; खोल वाडग्यात भिंत संपून तळ लागतो त्या वळणावर तो टेकू सुटतो. त्यासाठी मी तळाला जास्त कोनाची धार लावलेली वेगळी गाऊज वापरते. थांबून हत्यार बदलायचा कंटाळा करू नये. आतला गोलावा नीट साधलेला वाडगा हातात घेतल्याबरोबर कळतो.

खरी ओढाताण बुडाशी होते. बैठक लहान असली की वाडगा जमिनीवरून किंचित उचलल्यासारखा दिसतो, खाली सावली पडते, आणि ते देखणं असतंच. पण फळं एका बाजूला सरकली किंवा आत जोरानं ढवळलं की तो कलंडतो. बैठकीचा व्यास काठाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या वाडग्याला १० सेंटिमीटर, हा कातकामातला जुना अंदाज. मी सुरुवात तिथून करते आणि ढवळायचा वाडगा असेल तर बैठक वाढवत जाते. फार मात्र वाढवत नाही. बूड रुंद झालं की बाजू उभ्या होतात, वाडग्याची बादली होते आणि उचलताना बोटं खाली शिरत नाहीत. म्हणजे बूड आवरतं ठेवा असं हातही सांगतो, नुसते डोळे नाहीत. मग बैठक पुरेशी रुंद ठेवून तिची बाहेरची कड आतल्या बाजूला तिरकी कापायची: सावलीही मिळते आणि वाडगा डगमगत नाही. बुडाचा मधला भाग थोडा खोलगट करायचा, म्हणजे पुढे लाकूड थोडंफार हललं तरी वाडगा कडेच्या वळ्यावर टेकून राहतो.

इथे एक गोष्ट मला मनापासून खटकते. चकमध्ये, म्हणजे लेथच्या लाकूड धरणाऱ्या पकडीत, पकडण्यासाठी बुडाला जो ठोकळा ठेवतात, तोच पुष्कळदा बैठक म्हणून राहून जातो. त्याचं माप चकच्या जबड्यानं ठरवलेलं असतं, वाडग्यानं नाही. वाडगा उलटा बसवून तो ठोकळा उतरवायला हवा. हे शेवटचं काम टाळलं की आधीची सगळी मेहनत त्या ठोकळ्यावर उभी राहते.

जाडीबद्दल बरेच गैरसमज आहेत. तीन मिलिमीटरची भिंत बघणाऱ्याला थक्क करते, पण रोजच्या आदळआपटीत ती टिकत नाही. लाकडाचे तंतू लेथच्या अक्षाला आडवे ठेवून कातलेल्या वाडग्याला काठावर समोरासमोर दोन जागा अशा असतात, की तिथे तंतू भिंतीला आडवे जातात आणि आखूड कापले जातात. टवका उडतो तो तिथेच. ३० सेंटिमीटरच्या वाडग्याला मी आठ ते दहा मिलिमीटर ठेवते. काठाचा माथा आतल्या बाजूला हलकासा उतरता केला आणि कडा गोलसर घासल्या की तीच जाडी बघताना कमी वाटते.

जाड म्हणजे मजबूत, असंही नाही. भिंत पातळ आणि तळ जाड राहिला तर दोन्ही सारख्या वेगानं वाळत नाहीत, आणि त्या ताणानं वाडगा तडकतो. लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेनं जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. म्हणून ओलं लाकूड गोल कातलं तरी वाळल्यावर लंबगोल होतं. हे धरून ओला वाडगा आधी व्यासाच्या एक दशांश जाडीचा कातायचा, काही महिने सावलीत वाळू द्यायचा आणि मग पुन्हा गोल करायचा. सगळीकडे सारखी जाडी ठेवण्यामागचं कारण हे. हातात वजन सारखं वाटतं हा वरचा फायदा.

रोजच्या वाडग्याला मेपल किंवा बीचसारखं घट्ट पोताचं लाकूड बरं. ओक आणि अ‍ॅश यांची उघडी छिद्रं दिसायला छान, पण त्यांत ओलं अन्न अडकतं. वर अळशीचं, अक्रोडाचं किंवा टंग नावाच्या झाडाच्या बियांचं, म्हणजे वाळून घट्ट होणारं तेल लावते. व्हार्निशचा जाड थर पहिल्या दिवशी जास्त चमकतो. पुढे ओरखडे पडले की त्यांतून पाणी आत जातं आणि थर सुटू लागतो. तेलाचा वाडगा निस्तेज झाला तर पुन्हा तेल चोळता येतं.

काही लाकूड मात्र वापरासाठी नसतंच. काठाला साल राहिलेलं, मध्येच भोक पडलेलं, बुरशीनं काळ्या रेघा उमटवलेलं. असा तुकडा हाती आला की मी तो केवळ बघण्यासाठी कातते आणि घेणाऱ्याला तसं स्पष्ट सांगते. त्याचं बूड लहान ठेवते आणि भिंत जमेल तितकी पातळ करते. त्यात कुणी चमचा फिरवणार नसतो.