गेममधली भिंत कधी फुटणार?

गेमच्या फिजिक्सवर, म्हणजे गेममधल्या वस्तू कशा पडतील, आदळतील, फुटतील याच्या गणितावर काम करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. इंजिनिअरिंगची मुलं विचारतात, त्यांचे आईवडीलही विचारतात. कपाळावरचा घाम खरा दिसतो, डबक्यात ढगांचं प्रतिबिंब दिसतं, मग भिंतीवर रॉकेट मारलं की नुसता काळा डाग का पडतो? भिंत फुटत का नाही? गेममधलं जग खऱ्या जगासारखं कधी वागायला लागणार? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तरच सांगते.

भिंत केव्हाच फुटली आहे. २००१ सालच्या 'रेड फॅक्शन'मध्ये रॉकेट मारून खडकात बोगदा खणता यायचा. २००९ मध्ये त्याच मालिकेतल्या 'गुरिल्ला'त तर इमारतीचा भार कशावर किती पडतोय याचा हिशोब गेम स्वतः करत असे. मंगळावरच्या एखाद्या इमारतीचे खालचे खांब घणाने तोडत गेलात की उरलेल्यांना वजन पेलेनासं व्हायचं आणि सगळा डोलारा खाली यायचा. हे चालायचं ५१२ एमबी मेमरीच्या एक्सबॉक्स ३६० वर. आज प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबी आहेत, तरी बहुतेक मोठ्या गेममधल्या भिंती जागच्या हलत नाहीत. मशीनची ताकद कमी पडते, हे कारण म्हणूनच मला पटत नाही.

भिंत फुटली की तिच्यासोबत बरंच काही फुटतं. खोलीत पडणारा उजेड कित्येकदा आधीच मोजून ठेवलेला असतो, भिंत तिथेच राहणार हे धरून. शत्रूंनी कुठून कुठे चालायचं याचा नकाशा तयार असतो. भिंतीपलीकडे खोली असेलच असं नाही. नसेल तर ती कुणीतरी बनवायला हवी, आतल्या फर्निचरसकट. आणि कथेत तुम्हाला किल्ली शोधायला तळघरात पाठवलं असेल, तर भिंत पाडून आत शिरता येत असताना तळघरात जाणार कोण? खरं फिजिक्स देणं म्हणजे खेळणाऱ्याच्या हातात खरी सत्ता देणं. शेकडो माणसं वर्षानुवर्षं खपून जी कथा रचतात, ती त्याने तिसऱ्या मिनिटाला ओलांडून जावी, ही तयारी मोठ्या बजेटच्या स्टुडिओत फार थोड्यांची असते.

म्हणून माझं ठाम मत आहे की या क्षेत्राचं भविष्य फुटणाऱ्या भिंतीपासूनच गेमची रचना सुरू करणाऱ्यांच्या हातात आहे. स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या डेनिस गुस्ताफसन यांच्या छोट्या टीमने 'टिअरडाउन' बनवला. तो २०२० मध्ये अर्ली ॲक्सेसला, म्हणजे अर्धवट असतानाच विक्रीला आला आणि २०२२ मध्ये पूर्ण झाला. त्यातलं जग साधारण दहा सेंटिमीटरच्या ठोकळ्यांचं आहे आणि जवळजवळ सगळं फोडता येतं. खेळ असा, की चार-पाच वस्तू चोरायच्या. पहिली उचलली की अलार्म वाजतो आणि बाकीच्या उचलून पळायला मिळतात बरोबर ६० सेकंद. त्याआधी मात्र हवा तितका वेळ आहे. मग माणूस अर्धा-अर्धा तास भिंतींना भोकं पाडतो, दोन गच्च्यांमध्ये फळ्या टाकतो, गाडी नेमक्या कोनात उभी करून ठेवतो. तोडफोड हेच नियोजन. यातलं फिजिक्स काटेकोर नाही बरं का. अख्खं घर एका ठोकळ्यावर अडकलेलं असलं तरी उभं राहतं. पण नियम सगळीकडे सारखा असल्यामुळे खेळणाऱ्याला तो तासाभरात कळतो आणि पुढे तो त्याच्या भरवशावर बेत आखतो. 'झेल्डा'च्या २०१७ च्या गेममध्ये वादळात धातूची तलवार विजेला बोलावते. तिथेही हेच तत्त्व आहे आणि तेही निन्टेन्डो स्विचसारख्या बेताच्या मशीनवर.

आता थोडं आतलं सांगते, कारण अडचणी आहेतच. गेममध्ये वेळ सलग वाहत नाही, तुकड्यांनी पुढे जातो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे स्क्रीनवरची ६० चित्रं धरली आणि गोळीचा वेग सेकंदाला ९०० मीटर, तर एका फ्रेममध्ये गोळी १५ मीटर जाते. भिंत असते नऊ इंचांची. म्हणजे या फ्रेमला गोळी भिंतीच्या अलीकडे, पुढच्या फ्रेमला पलीकडे, आणि भिंतीला ती भेटलीच नाही. गोळीसाठी सरळ रेष टाकून वाटेत काही आडवं येतं का ते बघता येतं. दहा खोक्यांच्या चळतीला ते चालत नाही. सगळ्यात खालच्या खोक्यावर वरच्या नऊंचं वजन आहे, पण ती खबर एका खोक्याकडून दुसऱ्याकडे अशी गणिताच्या एकेका फेरीत खाली उतरते. फेऱ्या कमी पडल्या की खोकी एकमेकांत रुततात, थरथरतात आणि काही वेळाने चळत आपोआप कोसळते. गेममध्ये टेबलावरचे ग्लास उगाच नाचताना पाहिले असतील, ते यामुळेच.

यावर अलीकडच्या काळातली मला सगळ्यात आवडलेली कल्पना ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीतल्या माइल्स मॅकलिन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडली. वेळेच्या एकाच मोठ्या टप्प्यात गणिताच्या पुन्हापुन्हा फेऱ्या मारण्यापेक्षा त्या टप्प्याचेच बारीक तुकडे करा आणि प्रत्येकात एकच फेरी मारा. तेवढ्याच मेहनतीत चूक पुष्कळ कमी होते. कल्पना इतकी साधी, की आधी कुणी जोर लावून का मांडली नाही याचं नवल वाटतं. 'बॉक्स टूडी' या गेम बनवणाऱ्यांसाठीच्या तयार फिजिक्स सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीतलं गणित याच वाटेने जातं. जर्मनीतल्या 'बीमएनजी' या गाडी चालवण्याच्या गेमने तर गाडीचं गणित सेकंदाला २००० वेळा करायचं ठरवलं. गाडी म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्या. खांबाला धडकलात की दांड्या वाकतात, सांगाडा पिळवटतो आणि नंतर गाडी एका बाजूला ओढत राहते. हे वेगळं कुणी ॲनिमेट केलेलं नाही.

सगळ्यात अवघड आहे ते अनेकांनी मिळून खेळणं. कॅरममध्ये स्ट्रायकर केसभर इकडेतिकडे लागला तरी सोंगट्या वेगळ्याच पांगतात. दोन कॉम्प्युटरच्या बेरजेत दशांशाच्या शेवटच्या घरात फरक पडला तरी तेच होतं, आणि माझ्या स्क्रीनवर पडलेला खांब तुमच्या स्क्रीनवर उभा राहतो. 'रॉकेट लीग' या गाड्यांनी फुटबॉल खेळायच्या गेममध्ये फिजिक्स सेकंदाला १२० वेळा चालतं, अंतिम शब्द सर्व्हरचा, आणि प्रत्येकाचं मशीन पुढचा अंदाज बांधून मग दुरुस्त करतं. तिथे मुळात एक चेंडू आणि मूठभर गाड्या आहेत. हजारो विटांचं काय? बऱ्याच गेममध्ये ढिगारा केवळ दिसण्यापुरता असतो, त्याच्या आड लपता येत नाही, ते यासाठी.

"आता एआय सगळं करेल ना?" हा उपप्रश्न दोनेक वर्षांपासून वाढलाय. २०२४ मध्ये गूगलच्या संशोधकांनी 'डूम' हा जुना शूटिंग गेम पूर्णपणे न्यूरल नेटवर्कमधून, म्हणजे उदाहरणं बघून शिकणाऱ्या एआयमधून सेकंदाला २० फ्रेमनी चालवून दाखवला, पण त्याला मागचं आठवायचं जेमतेम तीन सेकंदांचं. २०२५ मधल्या गूगलच्याच 'जिनी ३' या जग तयार करणाऱ्या एआयला साधारण मिनिटभरापूर्वीपर्यंतचं आठवतं. प्रगती अफाट आहे, मी नाकारत नाही. पण तिथे पिंप पडतं ते बघितलेल्या चित्रांत पिंपं पडत होती म्हणून. पिंपाचं वजन वेगळं असं कुठे लिहून ठेवलेलं नसतं. ज्या जगात मी फळी ठेवून गेले आणि परत आल्यावर ती तिथे असेलच याची खात्री नाही, तिथे मी बेत कशाच्या जोरावर आखू? कापडाच्या घड्या, स्नायूंची हालचाल अशा गोष्टी आधी सावकाश, काटेकोरपणे मोजून नेटवर्कला शिकवाव्यात, हे मला मनापासून पटतं आणि ते आज होतंही आहे.

मला स्वतःला वाट आहे ती पाण्याची. यॉस स्टॅम यांनी १९९९ मध्ये मोठ्या टप्प्यांतही न बिघडणारं प्रवाहाचं गणित दिलं, पण त्यात भोवरे लवकर विरतात. २०११ च्या 'फ्रॉम डस्ट'मध्ये पाणी उतार शोधत वाहायचं, वाळू वाहून न्यायचं, आणि ती वाट पुढे फारशी कुणी चालली नाही. उसळणाऱ्या लाटांचा हट्ट सोडला आणि जमिनीच्या प्रत्येक चौकोनावर पाण्याची उंची किती एवढंच मोजलं, तर एका खोऱ्याइतका प्रदेश आजच्या साध्या ग्राफिक्स कार्डावर चालतो. वरच्या अंगाला एक खेळाडू, खालच्या अंगाला दुसरा. वरच्याने बांध घातला की खालच्याची शेतं सुकणार, पाऊस जास्त झाला की बांध फुटून गाळ कुणाच्या तरी घरात जाणार, आणि दोघांनाही बोलणी करावी लागणार. असा गेम कुणी बनवत असेल तर मला जरूर कळवा. त्यावर काम करायला मी कधीही तयार आहे.