आवाजाचा वेग १७३ आला तेव्हा

दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि बेळगावात फर्स्ट पीयूला (म्हणजे अकरावीला) आलो तर सगळं इंग्लिश, वारंवारता तरंगलांबी हे शब्द जुन्या वहीतच राहिले. त्यात सर मधेच कन्नडात समजावायचे, आवृत्ती आवृत्ती म्हणायचे, मला वाटायचं पुस्तकाच्या आवृत्तीबद्दल बोलालेत. पंधरा दिवसांनी कळालं, कन्नडात फ्रिक्वेन्सीलाच आवृत्ती म्हणतात!

फॉर्म्युला काय, पाठच होता. वेग म्हणजे फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती लाटा) गुणिले वेव्हलेंथ (एका लाटेची लांबी). घोळ झाला तो लॅबमध्ये, रेझोनन्स ट्यूबच्या प्रॅक्टिकलला. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क रबरावर आपटायचा, नळीच्या तोंडावर धरायचा आणि नळीतलं पाणी हळूहळू खाली न्यायचं, एका जागी नळी अशी घुमते की शेजारच्या टेबलावरचे पण वळून बघतात. आमची आधी १५.७ सेंटिमीटरला घुमली, मग ४९.५ ला. वजाबाकी ३३.८. म्हटलं हीच वेव्हलेंथ, ०.३३८ गुणिले ५१२, आले १७३. मी खूश. पार्टनर निपाणीचा, तो म्हणतो, "काय गा, आवाज निम्म्या वाटेत दमला काय?"

तर दोन घुमण्यांच्या मधे अर्धीच लाट बसते, म्हणून दुप्पट करायचं. ०.६७६ गुणिले ५१२, ३४६ मीटर पर सेकंद. पुस्तकात शून्य डिग्रीला ३३१ आणि पुढं दर डिग्रीला ०.६ वाढ, लॅबमध्ये २५ डिग्री होतं, ३३१ अधिक ०.६ गुणिले २५, ते पण ३४६च.

पार्टनरनं शॉर्टकट मारला, पहिल्या घुमण्याला पाव लाट बसते म्हणून पहिल्याच रीडिंगची चौपट, त्याचा वेग कमी आला, ३२२. कारण लाट नळीच्या तोंडाशी थांबत नाही, थोडी बाहेर डोकावते, आमच्या नळीत १.२ सेंटिमीटर. दोन रीडिंगची वजाबाकी केली की ते आपोआप कटतं. मला तर अख्ख्या प्रॅक्टिकलमध्ये हेच आवडलं.

घरी आजोबांच्या रेडिओवर सांगली लागायची, १२५१ किलोहर्ट्झ. रेडिओची लाट प्रकाशाच्या वेगानं जाते, सेकंदाला ३० कोटी मीटर, इथं वेग माहीत आणि लांबी काढायची, म्हणून उलटं, भागायचं. मी किलो विसरलो आणि लाट आली २४० किलोमीटर लांब (खरी २४० मीटर). आजोबांना तसंच सांगितलं, एक लाट सांगलीतनं निघून बेळगाव, धारवाड ओलांडून जाते.

"मग आपल्यापर्यंत निम्मीच येते म्हण की," आजोबा म्हणाले.