शेवटच्या घराचा नळ

आमच्या कृष्णाकाठच्या गावात पाण्याच्या टाकीपासून सर्वांत लांबचे घर खालच्या गल्लीच्या टोकाला, ओढ्याच्या उतारावर आहे. गेल्या पावसाळ्यात त्या गल्लीतील तीन घरांमध्ये एकाच आठवड्यात जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि चार वर्षांच्या एका मुलीला सलाईन लावण्यासाठी तालुक्याला न्यावे लागले, तेव्हा मी ग्रामपंचायतीत जाऊन पाणी तपासणीची नोंदवही पाहिली. प्रत्येक तारखेपुढे ‘ओ.टी. पॉझिटिव्ह’, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, असे लिहिलेले होते आणि ती नोंद खरी होती. अडचण एवढीच होती की ती चाचणी रोज टाकीशेजारच्या नळावर घेतली जात होती.

ओ.टी. चाचणी आमच्या शाळेतील सातवीची मुलेही करू शकतात. काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे आणि लगेच रंग पाहायचा. पिवळा रंग आला, तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या तोंडाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असायला हवे. टाकीत क्लोरीन घातल्यावर तिथले जंतू मरतात, पण पुढे अर्धा-एक किलोमीटर पाइपातून जाताना वाटेत जी घाण मिसळेल तिच्याशीही क्लोरीनलाच झगडावे लागते आणि त्यात ते खर्च होत जाते. म्हणून शेवटच्या नळावरची नळी टाकीपाशी दिसणार नाही ते सांगते. मी सलग चार पाळ्यांना गल्लीतील प्रत्येक घरी चाचणी घेतली. वरच्या घरांत रंग स्पष्ट पिवळा होता, मधल्या घरांत फिकट, आणि ओढ्याकडच्या तीन घरांत पाणी होते तसेच राहिले. आजारी पडलेली घरे हीच होती.

वाटेत घाण कुठून शिरते, हे शोधायला फार हिंडावे लागले नाही. आमच्याकडे पाणी दिवसाआड तासभर येते, म्हणजे उरलेले ४७ तास पाइप रिकामा किंवा अर्धवट भरलेला असतो. पाण्याला दाब असतो तेव्हा फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर गळते. दाब गेला की त्याच सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. आमची जुनी लोखंडी वाहिनी दोन ठिकाणी गटार ओलांडून जाते आणि त्यांतील एक सांधा गटाराच्या पाण्यात बुडालेला होता. त्यात खालच्या गल्लीला पाणी नीट चढत नाही म्हणून लोकांनी नळ जमिनीच्या खाली, दोन-दोन फूट खोल खड्ड्यांत घेतले आहेत. भांडी घासलेले, अंगणातले, पावसाचे पाणी त्या खड्ड्यांत साचते, बऱ्याच नळांना तोट्या नसतात, आणि पाणी गेले की खड्ड्यातले पाणी उलटे पाइपात शिरते. वरच्या अंगाला कोणी नळाला थेट मोटार लावली, तर ही ओढ आणखी वाढते. मोटार लावणाऱ्याला आपण शेजाऱ्याचे पाणी पळवतो एवढेच माहीत असते. शेजाऱ्याच्या पाइपात गटारही ओढून आणतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

दुसरा दोष टीसीएल पावडरीत, म्हणजे टाकीत घालायच्या ब्लीचिंग पावडरीत होता. चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. हजार लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणाने ५०,००० लिटरच्या आमच्या टाकीला २५० ग्रॅम पावडर लागते. तिची बादलीत पेस्ट करून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळी टाकीत सोडायची आणि निदान अर्धा तास पाणी तसेच ठेवायचे. परंतु टीसीएल ओलाव्याने आणि उजेडाने झपाट्याने निकामी होते. आमचे पोते तोंड उघडे ठेवून पंप-घराच्या ओल्या फरशीवर पडलेले होते. तपासणीत क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली निघाले, तर ती पावडर वापरायची नसते. आमची त्याहूनही खाली निघाली. मोजून २५० ग्रॅमच टाकले जात होते, पण पाण्याला निम्माही डोस मिळत नव्हता. जलसुरक्षकाचे काम करणारा मुलगा अतिशय प्रामाणिक आहे, हे मुद्दाम नोंदवते. त्याला पावडर दिली होती. ती कशी साठवायची, हे कोणी शिकवले नव्हते.

हे पाणी डोळ्यांना स्वच्छच दिसत होते. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याचा धडा आमच्या भागाने २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत घेतला आहे. पिण्याच्या पाण्यात मैला मिसळून आलेल्या हेपॅटायटिस ई विषाणूने तिथे काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. गरोदर स्त्रियांना हा विषाणू विशेष घातक असतो. आमच्या गावातले कित्येक जण तेव्हा तिथे यंत्रमागावर कामाला होते, आणि त्या महिन्यात गावात प्रत्येक चुलीवर पाणी उकळत होते. साथ सरली तसे उकळणेही थांबले.

गावातील निम्मी घरे आता जारचे पाणी घेतात. नळाच्या पाण्याला ‘औषधाचा’ वास येतो, ही त्यांची तक्रार मला समजते. उघड्या भांड्यात थोडा वेळ ठेवले की तो वास बराचसा जातो, हे मी घरोघरी सांगते. जारच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक नसते, त्यामुळे जार धुताना किंवा भरताना जंतू शिरले, तर त्यांना अडवणारे काहीच उरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी परिसरात जीबीएस (गिलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, आणि त्या वेळी नळाच्या पाण्याबरोबर जार भरणाऱ्या खासगी आरओ प्रकल्पांचे पाणीही तपासावे लागले. एक गोष्ट मात्र जारवाल्यांच्या बाजूने मान्य करायला हवी. आमच्या उसाच्या पट्ट्यात विहिरींच्या पाण्यात खतांमुळे तान्ह्या बाळांना अपायकारक असे नायट्रेट उतरते, त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि त्यावर टीसीएलचा काहीही परिणाम होत नाही. उकळल्याने तर पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण वाढते. ज्या घरात तान्हे बाळ आहे आणि त्याचे वरचे दूध विहिरीच्या पाण्यात कालवले जाते, तिथे आरओचे पाणी वापरणे योग्यच आहे.

गटारातील सांधा दिवाळीपूर्वी बदलला. टीसीएल आता झाकणाच्या प्लास्टिक पिंपात, कोरड्या खोलीत, फळीवर ठेवलेली असते. चाचणी आता पाणी सुटेल त्या दिवशी टाकीशेजारी एक, मधल्या चौकात एक आणि शेवटच्या घरी एक अशी तीन ठिकाणी होते आणि वहीत घरमालकाचीही सही घेतली जाते. खड्ड्यांतील चौदा नळांपैकी नऊ वर आले आहेत. उरलेल्या पाच घरांना वर घेतलेल्या नळातून पाणीच येत नाही, आणि वरच्या अंगाच्या दोन मोटारी निघेपर्यंत त्यांना खड्डे बुजवा असे सांगण्याचा मला धीर होत नाही. गेल्या रविवारी शेवटच्या घरी नळीत रंग आला, अगदी फिकट, ०.२ च्या खुणेला जेमतेम टेकलेला. त्या मुलीची आजी उजेडाकडे नळी धरून बराच वेळ पाहत होती. पुढच्या ग्रामसभेत दोन मोटारींचा विषय मी लेखी दिला आहे.