शाळेत आलेली परकी पोरं

स्मरणिकेसाठी शाळेची आठवण मागितली आहे आणि मी सुरुवात करतोय जपानच्या एका रग्बीपटूपासून. संपादक मंडळाने कात्री लावू नये, शाळेशी संबंध आहे.

मायकल लीच १९८८ साली न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये जन्मला. वडील तिथलेच, आई फिजीची. पंधराव्या वर्षी तो सापोरोच्या यामानोते हायस्कूलमध्ये शिकायला आला आणि जपानचाच झाला. मी जहाजावर नोकरीला असताना जपानी बंदरांत त्याचं नाव सारखं कानावर यायचं.

त्या काळी रग्बीत सलग तीन वर्षं एखाद्या देशात राहिलेला खेळाडू त्या देशाकडून खेळू शकायचा, पासपोर्ट कुठलाही असो. (आता पाच वर्षं लागतात. मला जुना नियम बरा वाटतो.) लीच जपानकडून २००८ मध्येच खेळला, नागरिक झाला २०१३ मध्ये आणि पुढच्या वर्षी कॅप्टन.

आमच्या वर्गातही एक नेपाळी मुलगा होता. वडील देवगडात हापूसच्या बागेत राखणीला. आठवीत आला तेव्हा त्याचं मराठी जेमतेम, पण कबड्डीत त्याने घोटा धरला की चढाईवाला परत जात नसे. पी.टी.च्या सरांनी त्याला कॅप्टन केलं तेव्हा गावात कुरकुर झाली, 'आमचे झील काय मेले?' सरांनी वाद घातला नाही, यादीही बदलली नाही. वर्षभरात तो मैदानावर आम्हाला अस्सल मालवणी शिव्या घालू लागला.

१९ सप्टेंबर २०१५, ब्रायटन. विश्वचषकात समोर दोनदा जगज्जेता ठरलेला दक्षिण आफ्रिका, आणि जपानने तोवर विश्वचषकात जिंकलेला सामना एकच, १९९१ चा झिंबाब्वेविरुद्धचा. शेवटच्या क्षणी २९-३२ असं मागे असताना पेनल्टी मिळाली. चेंडू लाथेने खांबांमधून धाडला की तीन गुण, म्हणजे बरोबरी. प्रशिक्षक एडी जोन्सना तेच हवं होतं. लीचने स्क्रम घेतला, दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांदे भिडवून रेटतात तो. मग चेंडू हातोहात कडेला गेला आणि न्यूझीलंडमध्येच जन्मलेल्या कार्न हेस्केथने तो रेषेपार कोपऱ्यात टेकवला, म्हणजे पाच गुण. ३४-३२! मी असतो तर मुकाट्याने बरोबरी घेतली असती.

२०१९ चा विश्वचषक जपानमध्येच झाला. आयर्लंड आणि स्कॉटलंडला हरवून जपान पहिल्यांदा उपांत्यपूर्व फेरीत गेला, तिथे मात्र दक्षिण आफ्रिकेने २६-३ असं उट्टं काढलं.

आमचा कॅप्टन देवगडातच राहिला, आता मुलांना कबड्डी शिकवतो. गेल्या सुट्टीत ब्रायटनचा शेवट त्याला मोबाइलवर दाखवला. लीच, जपान, फिजी कशातच त्याला रस नव्हता. एक टॅकल त्याने दोनदा मागे नेऊन पाहिली आणि म्हणाला, "कमरेक कित्याक मिठी मारतत? घोटो धर मरे!"