सातव्या महाकायाच्या पाठीवर

तान्हा पोळा. रात्रीचे साडेअकरा.

मुलांचे लाकडी नंदी घरोघर फिरून परतले, संध्याकाळी पाऊस थांबला, आणि आज अखेर मी व्हिडिओ गेममधल्या त्या पाण्यातल्या प्राण्याला मारले. हे वाक्य लिहिताना हात थबकला, म्हणून झाले ते सारे लिहून ठेवतो.

भाच्याचे बारावीचे वर्ष असल्यामुळे ताईने त्याचे प्लेस्टेशन उन्हाळ्यातच आमच्याकडे आणून ठेवले. रोवणी आटोपल्यावर, रात्री वीज असेल तेव्हा, मी त्यावर 'शॅडो ऑफ द कोलोसस' हा एकच खेळ खेळत आलो आहे. मूळ खेळ फुमितो उएदा या जपानी दिग्दर्शकाने २००५ साली आणला. आमच्याकडची आवृत्ती ब्लूपॉइंट या कंपनीने २०१८ मध्ये नव्याने घडवलेली आहे. वाँडर नावाचा तरुण एका मृत मुलीला घेऊन निषिद्ध प्रदेशात येतो आणि तिथले सोळा महाकाय मारले तर तिचा प्राण परत येऊ शकेल, असे त्याला सांगितले जाते. त्या सोळांखेरीज वाटेत दुसरा शत्रू नाही. तलवार उन्हात धरली की प्रकाश एका दिशेला एकवटतो, आणि त्या दिशेने ओसाड माळांवरून घोडा दौडवत राहायचे. हा एकांत मला फार आवडतो. पहाटे धानाच्या बांधीवर पाणी पाहायला जाताना जो एकांत असतो, त्याच जातीचा तो आहे.

सहा महाकाय जमिनीवर पडले. सातवा जलाशयात राहतो आणि त्याने मला तीन आठवडे अडवून ठेवले. दिसायला तो वाम माशासारखा लांब आणि लवचीक आहे. पाठीवर तीन उंच काटे असून त्यांतून वीज खेळते. त्याच्याशी लढण्यासाठी आधी पाण्यात उतरावे लागते, आणि माझी अडचण तिथेच होती. वाँडर पोहत राहतो, पाणी गढूळ हिरवे असते आणि अचानक पायांखालून ती लांबच लांब पाठ सरकत जाते. पहिल्या दोन रात्री मी तेवढे पाहूनच खेळ बंद केला.

त्याला कारण आहे. आमच्या गावचा तलाव मालगुजारी, म्हणजे जमीनदारीच्या काळातला, ज्याला सगळे मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेला, पण पाळीवरची आंब्याची झाडे आणि म्हशी पोहत नेण्याची रीत तशीच राहिली. मी दहा-अकरा वर्षांचा असताना श्रावणात पलीकडून म्हशी आणताना इतर मुलांसारखीच शेपूट धरून पाण्यात उतरलो. मध्यावर म्हैस खाली गेली, केवळ नाकपुड्या आणि शिंगांची टोके वर राहिली, आणि माझ्या पिंडरीला कमळाच्या देठांचा वेढा बसला. बाबा पाळीवरून एवढेच ओरडत होते, "शेपूट सोडू नोको!" मी सोडली नाही. ओली शेपूट मुठीतून बोटाबोटाने निसटत होती, तिच्या टोकाचे राठ केस तळहाताला कापत होते, आणि पाण्याखाली कानांत फक्त म्हशीच्या फुंकरीचा आवाज होता. काठाला लागल्यावर बाबांना माझी मूठ उघडून द्यावी लागली.

आज भाचा सुटीत आला आणि शेजारी बसला, तेव्हा हे त्याला सांगितले नव्हते. तो प्राणी वर आला, मी शेपटीकडचा भाग पकडला, आणि त्याने लगेच बुडी मारली. पडदा अंधारला, आवाज दबला आणि कोपऱ्यातले पकडीचे वर्तुळ आक्रसू लागले. ते संपले की हात सुटतो. तेव्हा भाचा म्हणाला, "मामाजी, सोडू नोका, धरूनच ऱ्हा, वर येते तो." तेच शब्द, तीच घाई. त्याने ते कोणाकडून ऐकलेले असणे शक्य नाही.

तो वर आलाच. इतके दिवस माझी चूक ही होती, की तो पाण्याबाहेर असतानाही मी पकड आवळूनच ठेवत होतो आणि पुढच्या बुडीसाठी दम उरत नव्हता. पाठ सपाट आणि स्थिर असेल तेव्हा हात सोडून उभे राहायचे, वर्तुळ भरू द्यायचे आणि बुडीचा सुगावा लागताच पुन्हा धरायचे, हे आज अंगवळणी पडले. प्रत्येक काट्याच्या बुडाशी एक उजळ खूण असते. तिथे तलवार खुपसली की तो काटा विझतो. ओल्या हाताने पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर दाबताना जशी छातीत धडकी भरते, तशीच पहिल्या काट्याजवळ भरली. दुसरा आणि तिसरा काटा त्या मानाने लवकर विझला. मग डोक्यापर्यंत जाऊन शेवटचे वार.

महाकायांचे डोळे शांत असताना निळे असतात आणि शत्रू ओळखला की नारिंगी होतात. तो आपल्या पाण्यात फिरत होता. तिथे गेलो मी. इतर खेळांत एवढा मोठा प्राणी पडला की जयघोष होतो, इथे मात्र को ओटानी यांचे संगीत विलापासारखे संथ होते, प्राण्याच्या देहातून काळे धागे निघून वाँडरच्या अंगात शिरतात आणि तो कोसळतो. मला हा खेळाचा प्रामाणिकपणा वाटतो. त्या मुलीसाठी मी आठव्याकडेही जाईन, हे मला ठाऊक आहे, आणि तरीही तो लांब देह पाण्यात कोसळताना पाहणे जड गेले. बाहेर तलावाकडून बेडकांचा आवाज येत होता आणि आम्ही दोघे काही बोललो नाही.

बऱ्याच वेळाने भाच्याने माझ्या हाताकडे पाहिले. "मामाजी, बटन सोडा आता," तो म्हणाला. माझे बोट अजून पकडीच्या बटणावर घट्ट दाबलेले होते.